पिवळी पट्टी आणि मी

आमच्या बँकेसमोरच्या फुटपाथवर मधोमध पिवळ्या फरशा बसवल्या, तेव्हा त्या कशासाठी याबद्दल आमच्या शाखेत चार मतं होती. हेडकॅशियरचं म्हणणं, कंत्राटदाराकडे कुठल्यातरी मंगल कार्यालयाचा माल उरला असणार. मॅनेजरसाहेब म्हणाले, "सुशोभीकरण." साहेबांना ज्याचा उपयोग कळत नाही ते सगळं सुशोभीकरण असतं. याच न्यायानं ते मलाही शाखेचं भूषण म्हणतात. वॉचमनचं मत त्यातल्या त्यात शास्त्रीय होतं. फरशांवर उंचवटे आहेत, त्याअर्थी पावसात लोक घसरू नयेत म्हणून. आणि माझं मत असं, की ही दुचाक्या शिस्तीत एका रांगेत लावण्यासाठी आखून दिलेली पट्टी आहे.

या चारांपैकी अंमलात आलं ते फक्त माझं मत. तीन वर्षं, सुट्ट्या आणि संप वगळता, माझी स्कूटर त्या पट्टीवर उभी असे, रुळावर आगगाडी उभी असावी तशी. पुढचं चाक पट्टीवर, मागचं चाक पट्टीवर. इंचभर इकडे नाही की तिकडे नाही. बी.कॉम.ला अकाउंटन्सी घेतलेला माणूस आहे मी. रेघ दिसली की तिच्यावर काहीतरी मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझं बघून शेजारच्या दुकानदारानं आपली मोटारसायकल माझ्यामागे लावली, मग वरच्या मजल्यावरच्या क्लासच्या पोरांनी लावल्या, आणि दोन महिन्यांत अशी देखणी रांग तयार झाली की काउंटरवरून मान वर करून बघितलं तरी छाती भरून यायची. समाजासाठी आपण काहीच केलं नाही असं नाही, असं मी हिलासुद्धा एकदोनदा सांगितलं. ही म्हणाली, "येताना कोथिंबीर आणा."

या स्कूटरबद्दल इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे. तिच्या उजव्या ब्रेकच्या दांडीचं टोक मागेच कधीतरी मोडलं. नवी दांडी टाकायला मेकॅनिकनं जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्या टोकावर रबरबँड गुंडाळला. मग दुसरा. नोटांना स्टेपल मारायला बंदी झाल्यापासून बँकेत रबरबँड म्हणजे लक्ष्मीचं वाहन आणि मी त्याचा जतनकर्ता. जमिनीवर पडलेला रबरबँड दिसला आणि मी वाकलो नाही, असं वीस वर्षांत झालेलं नाही. आमच्या घरात डाळीची पिशवी, बिस्किटाचा पुडा, कॅलेंडरची गुंडाळी आणि टीव्हीचा रिमोट यांतलं काहीही रबरबँडशिवाय आढळणार नाही. तर त्या ब्रेकच्या टोकावर होताहोता लिंबाएवढा गोळा झाला होता.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक असिस्टंट मॅनेजर बदलून आले. वय सत्तावीस. सातवीत असताना दृष्टी गेली. पुढचं सगळं शिक्षण, बँकेची परीक्षा, मुलाखत, असं एकेक करत ते आता आमच्या डोक्यावर येऊन बसले होते. त्यांचं नाव मी इथे देत नाही. त्यांनीच बजावलंय, "काका, लिहा काय लिहायचं ते, पण नाव घालू नका. मग लोक फोन करून विचारतात, 'तुम्ही कसं काय हो जमवता?' आणि मला दर वेळी नवीन उत्तर सुचत नाही." शाखेत एक मोठे साहेब होतेच, म्हणून हे धाकटे साहेब. वयानं मी त्यांचा काका आणि खुर्चीनं ते माझे साहेब, त्यामुळे ते मला 'काका' म्हणत आणि मी त्यांना 'साहेब'.

पहिल्या दिवशी आम्ही जे जे करू नये ते सगळं केलं. सगळेजण त्यांच्याशी ओरडून बोलले. दिसत नाही म्हणजे ऐकूही कमी येत असणार, असं आपण का धरून चालतो कोण जाणे. मोठे साहेब एरवी इतकं हळू बोलतात की त्यांनी रजा मंजूर केली की नामंजूर, हे दोन दिवसांनी कळतं. पण तेही त्या दिवशी लग्नाच्या मांडवात बोलावं तसं बोलत होते. शिपायानं तर साहेबांच्या समोर उभं राहून मला विचारलं, "साहेब चहा घेतात का?" साहेबच म्हणाले, "साहेब चहा घेतात. साखर कमी. आणि साहेबांना मराठी येतं."

हेडकॅशियरला मात्र राहवेना. दुपारी त्यांनी हळूच चार नोटा धाकट्या साहेबांच्या हातात ठेवल्या. साहेबांनी बोटं फिरवली आणि सांगितलं, "पाचशे, शंभर, दोनशे, आणि ही... ही नोट तुम्ही कुणाकडून घेतलीत? हिच्यावर तेल आहे." ती वडापाववाल्याकडची होती. मग त्यांनी आम्हाला धडा दिला. पाचशेच्या नोटेवर हाताला लागेल असं वर्तुळ असतं, शंभरावर त्रिकोण. दोन्ही कडांना तिरप्या उठावदार रेघा असतात, शंभराला चार, पाचशेला पाच. दोनशेला रेघा चारच, पण मधे दोन टिकल्या. नोट जुनी होऊन छपाई झिजली, की लांबी. शंभराची नोट १४२ मिलिमीटर, दोनशेची १४६, पाचशेची १५०. म्हणजे शंभर आणि दोनशेत फरक चार मिलिमीटरचा. तेवढा फरक ते बोटाच्या पेरावर धरतात. रिझर्व्ह बँकेनं २०२० साली काढलेलं, नोटेसमोर धरलं की रक्कम सांगणारं अ‍ॅप त्यांच्या फोनवर होतं, पण ते काढेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं म्हणाले.

मी वीस वर्षं नोटा मोजतोय. कोटींच्या हिशेबात माझ्या बोटांखालून गेल्या असतील. त्यावर रेघा आहेत हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी घरी जाऊन मी पाचशेची नोट उजेडात धरून बसलो, तर हिला वाटलं बनावट आली.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी आमच्या एटीएमची परीक्षा घेतली. आमचं एटीएम बोलतं ही गोष्ट शाखेत कुणालाच ठाऊक नव्हती. देशातलं पहिलं बोलणारं एटीएम २०१२ मध्ये अहमदाबादला लागलं, त्यानंतर बोलणारी यंत्रं पुष्कळ आली, आणि आमच्याकडेही त्यातलंच एक गुपचूप येऊन बसलं होतं. यंत्रात हेडफोनची पिन घालायला एक भोक असतं. ती पिन घातली, की यंत्र पडदा बंद करून कानात सांगतं, आता हे दाबा, आता ते दाबा. पाचाच्या बटणावर एक टिंब असतं, त्यावरून बाकीचे आकडे सापडतात. (ते टिंब तुमच्या फोनच्या जुन्या डबड्यावरही असायचं. मी ते मळ समजून नखानं खरवडत आलो.) साहेबांनी भोकात पिन घातली, ती जाईना. मी टॉर्च लावून बघितलं. आत च्युइंगगम. यंत्र इतकी वर्षं बोलायला तयार होतं आणि कुणीतरी त्याच्या तोंडात बोळा कोंबून ठेवला होता. ते गम मी स्वतः टाचणीनं काढलं आणि शाखेत माझं फार कौतुक झालं, याची कृपया नोंद घ्यावी. पुढच्या प्रकरणात माझ्या बाजूनं सांगण्यासारखं फारसं नाही.

एक दिवस डबा खाताना मी सहज विचारलं, "साहेब, मेट्रो स्टेशनपासून इथवर एकटे कसे येता तुम्ही?"

"पिवळ्या पट्टीवरून."

"कुठली पिवळी पट्टी?"

हे विचारताना माझ्या घशात पोळीचा घास होता, तो बराच वेळ तिथेच राहिला.

मग त्यांनी सांगितलं. या फरशा जपानी. ओकायामा नावाच्या गावी सेईची मियाके म्हणून एक गृहस्थ होते. त्यांच्या एका मित्राची दृष्टी जायला लागली, तर त्याला रस्त्यावर चालता यावं म्हणून यांनी १९६५ साली उंचवट्यांची फरशी तयार केली. १८ मार्च १९६७ ला ओकायामातल्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर त्या पहिल्यांदा बसवल्या. जपानीत ब्रेललिपीला 'तेन्जी' म्हणतात, म्हणून या फरशांचं नाव तेन्जी ब्लॉक. पायांनी वाचायची ब्रेल. अक्षरं दोनच. लांबट पट्ट्या असल्या तर त्या दिशेनं चालत राहा. गोल टिंबं असली तर थांब, पुढे काहीतरी आहे. जिना, रस्ता, फलाटाची कड. आणि रंग पिवळा, कारण ज्यांना थोडंफार दिसतं त्यांना तो रंग करड्या फुटपाथवर उठून दिसतो.

"तिकडे सिग्नलसुद्धा बोलतात काका. एका दिशेचा हिरवा झाला की कोकिळेसारखा आवाज, आडव्या रस्त्याचा झाला की कोंबडीच्या पिल्लासारखा चिवचिवाट. पक्षी ओळखा आणि रस्ता ओलांडा."

"मग आपल्याकडे कसं ओलांडता?"

"आपल्याकडे सगळेच पक्षी एकदम ओरडतात. मी थांबतो. माझ्या बाजूनं जाणाऱ्या गाड्या एकदम उसळी मारून निघाल्या की समजायचं, आपल्याला हिरवा. फक्त या बॅटरीवरच्या गाड्यांचं कठीण आहे. त्या मांजरासारख्या येतात."

मित्राची दृष्टी चालली म्हणून एक माणूस अख्ख्या जगाचे फुटपाथ बदलतो. आमच्या मित्राची बदली चालली होती तेव्हा आम्ही त्याला पेनसेट दिला होता.

"उद्या माझ्याबरोबर स्टेशनपासून चालत या," साहेब म्हणाले. "डोळे मिटून. अर्धा कप चहा माझ्याकडून."

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर घरी ठेवून मेट्रोनं गेलो. स्टेशनात उतरल्यावर डोळे मिटले आणि साहेबांचा दंड धरला. (दंड आपण त्यांचा धरायचा नसतो, त्यांनी आपला धरायचा असतो, पण त्या दिवशी आंधळा मी होतो.) स्टेशनातली वाट म्हणजे काय सांगू! फलाटाच्या कडेला टिंबं, तिथून सरळ पट्ट्या, जिन्याच्या तोंडाशी पुन्हा टिंबं. माझ्या जाड तळव्याच्या सँडलमधूनसुद्धा अक्षर न् अक्षर लागत होतं. मला तर वाटायला लागलं, आपले पाय आपल्यापेक्षा शिकलेले आहेत.

मग आम्ही स्टेशनाबाहेर पडलो.

बाहेर पडल्यावर पट्टी पन्नास पावलं नीट चालली आणि गुलमोहरात शिरली. म्हणजे खरंच शिरली. झाडाच्या बुंध्यापर्यंत पिवळ्या फरशा, बुंधा, आणि बुंध्याच्या पलीकडून पुन्हा फरशा. झाड फुटपाथच्या आधीचं, ते हलणार नाही. पण ज्यानं फरशा बसवल्या त्यालाही वळसा घालायचं सुचलं नाही. नकाशात रेघ सरळ होती, त्यानं सरळ बसवली. पुढे केबलसाठी कुणीतरी खणलं होतं आणि फरशा परत लावताना जशा हाताला आल्या तशा लावल्या होत्या. पट्ट्यांच्या मधे एक टिंबांची फरशी, मग एक फरशी आडवी.

"थांबा," मी म्हटलं, "टिंबं आली. पुढे काय आहे?"

"काही नाही. शुद्धलेखनाची चूक."

"आणि ही आडवी?"

"ती म्हणतेय डावीकडे वळा. वळू नका. डावीकडे बस येते."

त्यानंतर विजेची पेटी. त्यानंतर वडापावच्या गाडीचा सिलिंडर आणि साहेबांना मिळालेलं "या साहेब, गरम काढलाय" हे आमंत्रण. इथे मला कळलं, की तेलाच्या वासावरून साहेबांना गाडी वीस पावलं आधी सापडते आणि गाडी बंद असली की उलट ते चुकतात. त्यानंतर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सची चौकट. तिची खालची दांडी हातभर वर होती. काठी खालून गेली, आणि चौकटीला डोकं लागू नये म्हणून साहेब सवयीनं वाकले. मी नाही वाकलो. उत्सवमूर्तीच्या हनुवटीवर माझं कपाळ आपटलं.

"यासाठी एक काठी निघालीय," साहेब म्हणाले. "आयआयटी दिल्लीची. साध्या काठीवर एक मूठ बसवतात. ती वटवाघळासारखे आवाज सोडते, आपल्याला ऐकू न येणारे, आणि समोर गुडघ्याच्या वर काही असलं तर मूठ हातात थरथरते. तीन मीटरवरून कळतं. माझ्याकडे आहे."

"मग आणत का नाही?"

"परगावी जाताना नेतो. या रस्त्यावर तिला एवढं काम पडेल की बँकेत येईपर्यंत माझाच हात थरथरायला लागेल."

शेवटी काठी ठक् करून कशावर तरी आपटली. मी डोळे उघडले. आमची बँक. ती सुंदर रांग. त्यात माझी जागा तेवढी रिकामी. साहेब त्या रिकाम्या जागेत उभे राहिले, काठी इकडेतिकडे फिरवली आणि म्हणाले, "आज एक गाडी नाही. रोज असते. पहिली. बाकीच्या तिच्यामागून लागतात."

"हो का?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच एटीएममधून आल्यासारखा वाटला.

"काही बिघडत नाही. बरोबर पट्टीवर उभी असते, काठीला चाक सापडतं. मी वळसा घालतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, मी झोपलो. पण सकाळी निश्चय करून निघालो. स्कूटर घेऊन आलो आणि पट्टीवर न लावता पट्टीच्या कडेला लावली. समांतर. दोन्ही चाकं पट्टीपासून चांगली वीतभर लांब. दूर उभा राहून बघितलं. पिवळी पट्टी अथपासून इतिपर्यंत मोकळी दिसत होती. शेजारच्या दुकानदारालाही मी समजावून सांगितलं, जपानसकट. त्यानंही मोटारसायकल वीतभर सरकवली. क्लासची पोरं सरकली. शहाणपणासुद्धा रांगेनं पसरतं म्हणायचं. मी फार खुशीत होतो. धाकट्या साहेबांना मी काही बोललो नाही. केलेलं पुण्य बोलून दाखवू नये.

पंधरा दिवसांनी, दहाला दहा कमी असताना, वॉचमन साहेबांना धरून आत घेऊन आला. शर्टाची बाही फाटलेली, कोपर सोललेलं, गुडघ्यावर रक्त. घडीच्या काठीचा एक सांधा मोडला होता, तो तुकडा दोरीला लोंबकळत होता. लोक धावले. कुणी पाणी, कुणी हळद, मोठ्या साहेबांनी प्रथमोपचाराची पेटी मागवली आणि पेटीत लेखापरीक्षणाच्या जुन्या शेऱ्यांशिवाय काही नव्हतं.

काय झालं ते साहेबांनी शांतपणे सांगितलं. पट्टीवरून येत होते. काठीला काही लागलं नाही, वाट मोकळी होती. एकदम बॅगेचा पट्टा कशात तरी अडकला, ओढले गेले, आणि एक स्कूटर अंगावर आली.

तुमच्या लक्षात आलं असेल. मला यायला एक मिनिट लागलं. स्कूटरची चाकं पट्टीच्या बाहेर होती, पण चाकं म्हणजे स्कूटर नव्हे. तिला हँडल असतं, ते दोन्ही बाजूंना हात पसरून उभं असतं, आणि त्याच्या टोकाला ब्रेकची दांडी असते. काठी जमिनीवर फिरते. हँडल कमरेच्या उंचीवर. तीन वर्षं मी बेशरमपणे पट्टीवर गाडी लावली, तेव्हा काठीला चाक सापडत होतं. सुधारलो, आणि माणूस पडला.

"कुठल्या गाढवानं लावली ती?" हेडकॅशियर ओरडले.

आणि मी, वाचकहो, मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडलो. "असल्या लोकांना फटके दिले पाहिजेत! लाज नाही, शरम नाही!" गुन्हेगाराची तीन पिढ्यांपर्यंत मी जी संभावना केली ती ऐकून काउंटरवरचं गिऱ्हाईकसुद्धा पासबुक विसरलं. हे बोलत असताना माझी वॉचमनशी नजरानजर झाली. स्कूटर त्यानंच उचलून गेटच्या आत ठेवली होती. तो काही बोलला नाही. मी त्याला त्या दिवशी चहा पाजला. दुसऱ्या दिवशी चहा आणि क्रीमरोल. तिसऱ्या दिवशी त्यानं आपणहून सांगितलं, की क्रीमरोलपेक्षा त्याला खारी आवडते.

खरी शिक्षा ती नव्हती. साहेबांनी चालत यायचं बंद केलं. घरापासून रिक्षा करायचे, रोजचे दीडशे जायला आणि दीडशे यायला. आणि रिक्षातून उतरल्यावर वॉचमनचा हात धरून आत यायचे. पूर्वी ते दाराशी आले की काठीचा टक् टक् टक् असा एका लयीत आवाज यायचा आणि शिपाई चहा टाकायचा. आता आवाज नाही. एकदा त्यांच्या आईचा गावाहून फोन आलेला मी ऐकला. फोन स्पीकरवर होता. "अरे, गावाकडच्या शाखेत बदली घे. इथं तुला हात धरायला माणसं हायेत." साहेब म्हणाले, "बघतो." आतापर्यंत ते "नाही" म्हणत होते. पडल्याचं आईला सांगितलं नव्हतं. तरी तिला कुठूनसं कळलं होतंच.

अकराव्या दिवशी, कॅश टॅली झाल्यावर, मी त्यांच्या टेबलाशी गेलो. कॉम्प्युटर त्यांच्या कानात भराभरा काहीतरी वाचत होता, तो त्यांनी थांबवला.

"साहेब, एक व्हाउचर पास करून घ्यायचं राहिलंय."

"कशाचं?"

"ती स्कूटर माझी होती."

"माहीत आहे काका."

मी खुर्ची ओढून बसलो. "वॉचमन बोलला?"

"नाही. पट्टा सोडवायला मी हात लावला, तर ब्रेकच्या टोकावर रबरबँडचा गोळा. ज्याच्याकडे एवढे रबरबँड आहेत तो माणूस बँकेतलाच. आणि आपल्या बँकेत रबरबँड फेकून न देणारे तुम्ही एकटे."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. पण त्या दिवशी तुम्ही त्या स्कूटरवाल्याला इतकं घालूनपाडून बोललात, की मला त्याची दया आली."

मी मान खाली घातली. मग आठवलं की मान खाली घातलेली त्यांना दिसणार नाही, म्हणून म्हटलं, "साहेब, मी मान खाली घातलीय."

"आवाजावरून कळलं," ते म्हणाले. "काठी तेवढी नवीन आणून द्या."

नवी काठी मी आणली. ब्रेकची दांडीही बदलली. मेकॅनिकनं आकडा आता दुप्पट सांगितला, तो मुकाट्यानं दिला. स्कूटर मी आता दोन गल्ल्या पलीकडे पैसे देऊन लावतो आणि तिथून चालत येतो. पट्टी मेट्रोपासून आमच्या दारापर्यंत येते, म्हणून जरा लवकर निघून, उलट दिशेनं स्टेशनापर्यंत जाऊन साहेबांबरोबर परत येतो. पहिले आठ दिवस ते माझा दंड धरून चालले. नवव्या दिवशी म्हणाले, "काका, तुम्ही दहा पावलं मागे राहा. तुमच्या चपलांच्या आवाजानं मला गाड्या ऐकू येत नाहीत." तेव्हापासून मी मागे असतो. विजेची पेटी हलवावी म्हणून मी तीन अर्ज केले. तिन्ही अर्जांना पोचपावती मिळाली, हा मी प्रगतीचा भाग समजतो. आडवी फरशी मात्र सरळ झाली. एका रविवारी पहाटे वॉचमन आणि मी पहार घेऊन गेलो होतो, यापेक्षा जास्त काही मी लेखी देणार नाही.

बँकेसमोरच्या रांगेशी मी रोज भांडतो. दुकानदार ऐकतो. पोरं दर जूनला नवी येतात, त्यामुळे जपानपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. परवा एकानं नवी कोरी गाडी पट्टीच्या अगदी कडेला लावली. मी म्हटलं, "अरे बाळा, पट्टी मोकळी सोड."

"मोकळीच आहे की काका. चाक बघा, बाहेर आहे."

"आणि हँडल?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तीन वर्षांपूर्वी कुणाकडेही बघितलं असतं. एवढ्यात मागून टक् टक् टक् आलं. आज मी पुढे निघून आलो होतो. मी हात पुढे करून साहेबांना थांबवणार, तेवढ्यात त्यांनीच काठी उभी करून दुसरा हात कमरेच्या उंचीवर पुढे धरला. ही नवी सवय त्यांना लागलीय, कुणामुळे ते सांगायला नको. हात बरोबर ब्रेकच्या दांडीवर गेला. त्यांनी दांडीच्या टोकावरून बोटं फिरवली.

"तुमची नाही," ते मला म्हणाले, आणि वळसा घालून आत गेले.